आतड्यांतील जिवाणूंची तपासणी आणि ज्वारीचा डबा : सोलापुरातील एका आहारसेवेचा तीन महिन्यांचा अनुभव

सोलापुरातील एका आहारसल्ला केंद्राचा आतड्यांच्या आरोग्यासाठीचा तीन महिन्यांचा कार्यक्रम मी यंदा गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या अखेरीस घेतला आणि एप्रिल संपताना पूर्ण केला. त्यासाठी एकूण २१,००० रुपये मोजले. त्यांपैकी ८,००० रुपये शौचाच्या नमुन्यावरून आतड्यांतील जिवाणू ओळखणाऱ्या तपासणीचे, ४,००० रुपये आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याचे व जिवाणूंच्या पुड्यांचे आणि ९,००० रुपये दुपारच्या डब्याचे होते. रविवार वगळून पंचाहत्तर डबे आले, म्हणजे एक डबा १२० रुपयांना पडला. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच धर्तीचे कार्यक्रम आता बऱ्याच ठिकाणी मिळू लागले आहेत आणि माझे म्हणणे एखाद्या दुकानाविषयी नसून अशा कार्यक्रमात नेमके काय घ्यावे व कशासाठी पैसे मोजू नयेत याविषयी आहे.

मी चोपन्न वर्षांचा आहे. दिवाळीनंतर छातीच्या संसर्गासाठी मला प्रतिजैविकांचे दोन कोर्स लागोपाठ घ्यावे लागले. ती औषधे आवश्यकच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर मात्र पोट साफ होईना, जेवल्यावर तासाभरात पोट फुगू लागले आणि वजन ८१ किलोंच्या पुढे गेले. प्रतिजैविकांमुळे आतड्यांतील जिवाणूंची वस्ती विस्कटते हे मी वाचले होते. बारा निरोगी पुरुषांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र प्रतिजैविकांच्या चार दिवसांच्या उपचारानंतर ही वस्ती साधारण दीड महिन्यात बरीचशी पूर्ववत झाली होती, परंतु पूर्वी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांमध्ये परतल्या नव्हत्या. माझ्या त्रासाचे कारण हेच असेल असे मी मनाशी ठरवून टाकले आणि त्यामुळे या कार्यक्रमातील तपासणीचेच मला सर्वांत अधिक आकर्षण वाटले.

तपासणीची पेटी कुरिअरने घरी आली. आत एक कागदी पसरणी, झाकणाला चमचा जोडलेली नळी आणि नळीत नमुना टिकवून ठेवणारा द्रव असतो. वाटाण्याएवढा नमुना घेऊन नळी अर्धा मिनिट हलवायची आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाकडे द्यायची, एवढेच काम असते आणि सूचना मराठीतही असल्यामुळे ते चोख पार पडते. अहवाल साडेतीन आठवड्यांनी आला. तो अठ्ठावीस पानांचा आणि संपूर्ण इंग्रजीत होता. आहारतज्ज्ञांचा पहिला सल्ला तो येण्याआधीच सुरू झालेला होता, म्हणजे आहार ठरवण्यासाठी अहवालाची वाटही कोणी पाहिली नव्हती. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली.

अहवालात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग होते. माझ्या अहवालात दोन ठिकाणी लाल रंग होता आणि या दोन लाल खुणांविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आठ हजार रुपयांचे मोल त्यांवरच ठरते.

पहिली लाल खूण ‘वजनवाढीची प्रवृत्ती’ या मथळ्याखाली होती. फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉइडिटीस या जिवाणूंच्या दोन मोठ्या गटांचे प्रमाण काढून ती दिली होती. या कल्पनेमागे खरे संशोधन आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली असे दाखवले की, लठ्ठ उंदरांच्या आतड्यांतील जिवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये सोडले, तर सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगावर अधिक चरबी चढते. २०१३ साली त्याच प्रयोगशाळेने जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या घेतल्या, ज्यांत एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ होती, आणि त्यांचे जिवाणू उंदरांना दिले, तेव्हाही तसाच फरक दिसला. मात्र या दुसऱ्या प्रयोगातील पुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले असता सडपातळ बहिणीकडचे जिवाणू लठ्ठपणाकडे झुकलेल्या उंदरांच्या आतड्यांत जाऊन रुजले आणि त्यांची चरबी वाढली नाही, परंतु हे घडले ते खाद्यात चरबी कमी आणि फळे-भाज्या भरपूर असतानाच. खाद्य तेलकट व तंतूहीन असताना ते जिवाणू तेथे टिकले नाहीत. म्हणजे बी चांगले असले तरी रान तयार नसेल तर उगवण होत नाही, हे शेती पाहिलेल्या कोणालाही वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

उंदरांत दिसलेली ही गोष्ट माणसांत मात्र तितकी सरळ उतरली नाही. त्या दोन गटांचे प्रमाण आणि लठ्ठपणा यांचा संबंध सुरुवातीच्या लहान अभ्यासांत दिसला, पण अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिल्यावर तो भक्कम ठरला नाही. लठ्ठ व्यक्तींना सडपातळ व्यक्तींच्या जिवाणूंचे रोपण करण्याचे जे छोटे प्रयोग पुढे झाले, त्यांतही वजन घटले नाही. असे असताना एका माणसाच्या एका दिवसाच्या नमुन्यावरून त्याच्या वजनाविषयी लाल खूण करणे मला अयोग्य वाटते. मी आहारतज्ज्ञ मॅडमना याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी ते पान स्वतःहून मिटले आणि म्हणाल्या, “सर, या पानावरून मी तुमच्या ताटातला एक घाससुद्धा ठरवलेला नाही.” त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला. परंतु मग हे पान रुग्णाच्या हाती का द्यावे, हा प्रश्न उरतोच.

दुसरी लाल खूण प्रिव्होटेला या जिवाणूच्या नावापुढे होती. त्याचे प्रमाण ‘अपेक्षेपेक्षा फार जास्त’ असल्यामुळे आतड्यांत ‘असंतुलन’ आहे, असे तेथे लिहिले होते. हे वाचून मी दोन रात्री अस्वस्थ होतो. नंतर शांतपणे वाचत गेलो, तेव्हा कळले की धान्य, कडधान्य आणि भाजीपाला मुख्यतः खाणाऱ्या समाजांत हा जिवाणू जगभर विपुल आढळतो आणि भारतीयांच्या आतड्यांविषयीच्या अभ्यासांतही तो ठळकपणे दिसतो. आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशातील एका खेड्यातली मुले आणि इटलीतील फ्लॉरेन्सची मुले यांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली होती. तेथेही बाजरी-ज्वारीवर वाढलेल्या खेड्यातील मुलांमध्ये प्रिव्होटेला भरपूर होता आणि इटलीच्या मुलांमध्ये तो आढळला नव्हता. आयुष्यभर ज्वारीची भाकरी आणि डाळ खाल्लेल्या सोलापूरकराच्या आतड्यांत तो असणे हे दोषाचे नव्हे, तर आहाराचे लक्षण असण्याचीच शक्यता अधिक. या जिवाणूच्या एका जातीचा संधिवाताशी संबंध दिसल्याचे संशोधनही आहे, त्यामुळे तो सरसकट चांगलाच आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘अपेक्षा’ कोणाची, हे अहवालात कुठेच नव्हते. तुलनेसाठी कोणत्या देशातील, काय खाणारी माणसे धरली आहेत, असे मी लेखी विचारले. उत्तरात ‘आमचा जागतिक माहितीसंच’ एवढेच दोन-तीन शब्द आले. ज्या आहाराने माझे पोट पन्नास वर्षे सांभाळले, त्याच आहाराची खूण लाल रंगात दाखवणारा अहवाल हा माझ्या लेखी सदोष अहवाल आहे.

जिवाणूंच्या पुड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. प्रत्येक पुडीत दहा अब्ज जिवाणू असल्याचे वेष्टनावर छापलेले होते. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या शरीरात मुळातच सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्या वस्तीत बाहेरचे पाहुणे बहुधा मुक्कामाला राहत नाहीत. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ सालच्या एका अभ्यासात प्रतिजैविकांनंतर अशा जिवाणूंचे मिश्रण घेणाऱ्यांची मूळ वस्ती, काहीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, उशिरा पूर्ववत झाल्याचे आढळले. काही विशिष्ट आजारांत विशिष्ट जातींचा उपयोग होतो आणि त्या डॉक्टरांनी दिल्यास अवश्य घ्याव्यात, परंतु सर्वांना एकच पुडी देण्याला मला आधार दिसला नाही. मी पंधरा दिवसांनी त्या बंद केल्या आणि मॅडमनी त्याला हरकत घेतली नाही.

आता डब्याविषयी. या कार्यक्रमात मला जे मिळाले ते या डब्यातून मिळाले. केंद्राने हा डबा विजापूर वेशीच्या बाजूला राहणाऱ्या, भाकरी करून विकणाऱ्या एका मावशींकडे सोपवलेला आहे. एके दिवशी डबा उशिरा आला म्हणून मी स्वतःच आणायला गेलो आणि त्यांचे काम जवळून पाहिले. काटवटीत मालदांडी ज्वारीचे पीठ, त्यात आधणाचे पाणी, मग तळहाताच्या टाचेने पीठ इतके मळायचे की कडेला चीर पडू नये. भाकरी थापताना त्यांचा हात गोल फिरत नव्हता, तर भाकरीच हाताखाली फिरत होती. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात, उलटल्यावर क्षणभर थांबणे आणि मग जाळावर टम्म फुगलेला पापुद्रा. “पीठ दोन दिवसांपेक्षा जुनं झालं की विरी जाते, मग भाकरी फाटते,” असे त्या म्हणाल्या. म्हणून त्या एक दिवसाआड दळण आणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि रब्बी ज्वारीवर संशोधन करणारे केंद्र आपल्याच शहरात आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या ज्वारीची ताजी भाकरी रोज दुपारी ताटात येणे ही शहरातल्या नोकरदाराच्या घरी आता सहज घडणारी गोष्ट राहिलेली नाही.

डब्यात दोन भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ, वाटीभर ताक किंवा आंबील आणि चमचाभर चटणी असे. पालेभाजीत अंबाडी, करडई, चाकवत, मेथी यांची फिरती पाळी होती, उसळीत मटकी, हरभरा, चवळी आणि आठवड्यातून एकदा हुलग्याची शेंगोळी. फेब्रुवारीत दोनदा हुरडाही आला. चटणी कधी जवसाची, कधी कारळाची आणि शनिवारी शेंगांची. शेंगांच्या चटणीचा चमचा एकच का, असे मी विचारले, तेव्हा मॅडमनी दाखवून दिले की १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५०० हून अधिक किलोकॅलरी असतात आणि वजनाचा प्रश्न असलेल्या माणसाने ती भाकरीबरोबर वाटीने खाणे बरोबर नाही. आम्हा सोलापूरकरांना हे ऐकणे जड जाते, पण ते खरे आहे.

या ताटाचे गणित मॅडमनी फार सोप्या रीतीने समजावले. आपल्याकडील पोषणविषयक शिफारशींनुसार दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ हवेत. शंभर ग्रॅम ज्वारीत ते सुमारे १० ग्रॅम असतात, तितक्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. माझा पूर्वीचा दिवस चहा-बिस्किटे, दुपारी भात-आमटी, संध्याकाळी पाव किंवा भजी आणि रात्री पोळी असा जात असे आणि त्यात तंतू १५ ग्रॅमच्या आसपासच भरले. हे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, ते तसेच मोठ्या आतड्यात जातात आणि तेथील जिवाणू त्यांच्यावर आंबवण्याची क्रिया करून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन म्हणजे हे ब्युटिरेट. याच आम्लांमुळे पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरके स्रवण्यास मदत होते. तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू अस्तरावरील चिकट संरक्षक थर खाऊ लागतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. आहार बदलला की ही वस्ती किती लवकर प्रतिसाद देते, हे २०१५ सालच्या एका प्रयोगात दिसते. त्यात वीस आफ्रिकी-अमेरिकन व्यक्तींना दक्षिण आफ्रिकेतील खेड्याचा तंतूयुक्त आहार आणि वीस ग्रामीण आफ्रिकी व्यक्तींना अमेरिकी पद्धतीचा आहार दिला. दोनच आठवड्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या धोक्याशी निगडित खुणा दोन्ही गटांत उलटसुलट बदलल्या.

आंबिलीविषयी मी मुद्दाम वेगळे लिहितो. ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवायचे, सकाळी त्याला आंबूस वास आला की उकळत्या पाण्यात सोडून शिजवायचे आणि निवल्यावर ताक, जिरे, ठेचलेला लसूण व मीठ घालायचे. मार्चपासून सोलापूरचे ऊन जेव्हा अंगावर येऊ लागते, तेव्हा दुपारी हे पेय जितके शांतवते तितके दुसरे काही शांतवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ सालच्या एका अभ्यासात ३६ निरोगी प्रौढांपैकी ज्या गटाने दहा आठवडे दही आणि इतर आंबवलेले पदार्थ वाढवले, त्याच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. केवळ तंतू वाढवणाऱ्या गटात विविधता सरासरीने वाढली नाही. तो अभ्यास आंबिलीवर झालेला नाही आणि आंबील शिजवल्यामुळे पिठातले जिवाणू मरतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जिवंत जिवाणू मिळतात ते वरून घातलेल्या ताकातून. म्हणूनच मावशी ताक आंबील पुरती निवल्यावरच घालतात आणि हे त्यांना कोणा तज्ज्ञाने शिकवलेले नाही.

डब्यात हंगामानुसार डाळिंबाचे दाणेही असत. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या आपल्या शहरात एक गोष्ट अधिक लोकांना ठाऊक असायला हवी. डाळिंबातील एलॅजिटॅनिन या घटकांपासून युरोलिथिन नावाची संयुगे तयार होतात, ती आपले शरीर नव्हे तर आतड्यांतील जिवाणू तयार करतात आणि तसे जिवाणू सर्वांकडे नसतात. म्हणजे एकाच बागेतले डाळिंब दोघांनी खाल्ले तरी दोघांच्या पोटात त्याचे वेगवेगळे होते. अठ्ठावीस पानी अहवालात याविषयी एक ओळ नव्हती.

कार्यक्रमाची एक गंभीर चूक नोंदवणे भाग आहे. पहिल्याच आठवड्यात मटकी, हुलगे, कच्चा कांदा आणि दोन्ही वेळा भाकरी असा आहार मला एकदम देण्यात आला. ज्याच्या आतड्यांना इतके तंतू पचवण्याची सवय राहिलेली नाही, त्याच्या पोटात जिवाणू त्यांपासून भरपूर वायू तयार करतात. चौथ्या दिवशी मला इतके फुगल्यासारखे झाले आणि कळा आल्या की मी सुट्टी घेऊन घरी पडून राहिलो. तक्रार केल्यावर मॅडमनी प्रमाण निम्म्यावर आणले, उसळीला मोड आणून ती पूर्ण शिजवायला सांगितली, पाणी वाढवले आणि तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ण प्रमाणावर नेले. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. त्याचबरोबर शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल होणे अशा तक्रारी असतील तर आधी डॉक्टरांकडे जावे, असा प्रश्न नोंदणीच्या अर्जात कुठेच नव्हता. माझ्यासारख्या चोपन्न वर्षांच्या माणसाला तो विचारलाच पाहिजे होता. मी नंतर स्वतः जाऊन तपासून घेतले आणि सुदैवाने काही निघाले नाही.

तीन महिन्यांत माझे वजन ८१.४ किलोंवरून ७७.१ किलोंवर आले, पोट रोज सकाळी साफ होऊ लागले आणि जेवल्यानंतरची फुगण्याची तक्रार जवळजवळ गेली. यातले किती श्रेय जिवाणूंचे, हे मी सांगू शकत नाही, कारण याच काळात संध्याकाळचा पाव, भजी आणि बिस्किटे बंद झाली आणि सिद्धेश्वर तलावाभोवती रोज पाऊण तास चालणे सुरू झाले. चार किलो उतरण्यास एवढेही कारण पुरेसे आहे. मला जाणवलेला खरा फरक भुकेचा आहे. पूर्वी संध्याकाळी पाच वाजता जो हात आपोआप बिस्किटांच्या डब्याकडे जाई, तो दोन भाकरी आणि उसळ खाल्लेल्या दिवशी जात नाही.

कार्यक्रम संपताना केंद्राने पुन्हा तपासणी करून ‘प्रगती’ पाहण्याचा प्रस्ताव दिला. मी तो नाकारला. मॅडमचा सल्ला मी दोन महिन्यांतून एकदा घेत राहणार आहे, कारण त्या ऐकून घेतात, ताटातल्या पदार्थांची नावे त्यांना ठाऊक आहेत आणि चूक दाखवल्यावर त्या ती दुरुस्त करतात. डबा मात्र मे महिन्यापासून पुन्हा सुरू केला आहे, आणि या खेपेस पत्नीसाठीही. तो आता केंद्राच्या कार्यक्रमाशिवाय, थेट मावशींकडून, त्याच दरात मिळतो. आंबील हवी असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत सांगावे लागते, कारण पीठ रात्रीच कालवून ठेवायचे असते.